वीतभर कोरा कागद

एका चित्राच्या वरच्या बाजूचा वीतभर कोरा कागद मी कापला, आणि का कापला असं विचारल्यावर खोटं बोललो. प्रवासाची हकीकत विमानतळापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण माझा कॅनडाचा प्रवास त्या कापलेल्या कागदापासूनच सुरू होतो, तेव्हा आधी तेवढं कबूल करून टाकतो.

सांगलीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांचंच, पुढे मी चालवलं. देवादिकांच्या तसबिरी, पदवीदानाचे फोटो, लग्नातले फोटो आणि हार घालायचे फोटो, सगळं आमच्याकडे येतं. माझी थोरली बहीण वसूताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मी दहा वर्षांचा असताना ती लग्न होऊन कॅनडाला गेली. ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचं गाव आहे, तिथल्या नदीचंही नाव थेम्सच. त्या गावी एका प्रयोगशाळेत जंतू आणि बुरशी तपासत तिची सगळी नोकरी झाली. निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं ती कम्युनिटी सेंटरमध्ये शेनबाई नावाच्या एका चिनी बाईंकडे शाईची चित्रं शिकायला जाऊ लागली. ती निवृत्त झाली तेव्हा शेनबाईंनी तिला स्वतःचं एक चित्र भेट दिलं. २०१५ साली ताई सांगलीला आली ती ते चित्र नळकांड्यात घालूनच. म्हणाली, फ्रेम तुझ्याच हातची पाहिजे.

चित्र उभं होतं. अडीच फूट उंच, सव्वा फूट रुंद. तळाशी एक नाव, नावेत पाठमोरा म्हातारा, बाजूला वाळक्या बोरूचे दोन देठ आणि कोपऱ्यात लाल शिक्का. वर काही नाही. पाणी नाही, काठ नाही, आभाळ नाही. मला वाटलं, बाईंचा कागद उरला.

फ्रेमला मी उशीर केला. सागवानी पट्टीला पॉलिश नीट बसेना. तोवर ताईची परतीची तारीख आली, ती गेली, आणि फ्रेम कुणाबरोबर तरी पाठवायची ठरली. ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतली सायली शिकायला लंडनलाच निघाली होती. तिने टेप लावून बॅग मोजली आणि मला मापं कळवली. काचेऐवजी ॲक्रिलिक घातलं तरी अख्खं चित्र काही त्या बॅगेत बसत नव्हतं. मग मी चित्रावर मोजपट्टी ठेवली, कटर घेतला आणि वरचा नऊ इंच कोरा कागद कापून काढला. रिकामी जागा काय, माउंट, म्हणजे कडेचा पुठ्ठा, लावून मी देणारच होतो. इंचभर क्रीम रंगाचा माउंट चारी बाजूंनी लावला. नाव आता ठसठशीत मधोमध आली होती. मी दुकानात दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

फ्रेम पोचल्यावर ताईचा फोन आला. वरचा कागद कुठे गेला, असं तिने साध्या आवाजात विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वर बुरशी धरली होती गं. मागच्या कागदाची खळ खराब असणार. चित्रात उतरू नये म्हणून कापला."

सांगलीच्या पावसाळ्यात फोटोंना बुरशी धरते, आणि जिची हयात बुरशी बघण्यात गेली तिला ते लगेच पटलं. तिने फक्त एवढंच विचारलं की तुकडा आहे का, कसली होती ते बघता आलं असतं. टाकला, म्हणालो. तो माझ्या खणात होता. चांगला कागद आम्ही लोक टाकत नाही.

किचनर

भाऊजींची पंचाहत्तरी करायची म्हणून ताईने मला २०१८ च्या मार्चमध्ये बोलावून घेतलं. बायकोच्या शाळेच्या परीक्षा होत्या, मी एकटाच गेलो. निघायच्या आदल्या दिवशी खण उघडला. कागदाची ती पट्टी तिथे होतीच. तीन वर्षांत तिच्यावर मी पेन्सिलीने कसली कसली मापं लिहिली होती. तिची गुंडाळी केली, वर्तमानपत्रात घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

टोरांटोला न्यायला सायली आली होती. शिक्षण संपवून ती आता किचनरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय केलंय, त्याची वाट बघते. गल्लीत सायकल शिकताना आमच्या दुकानाच्या पायरीवर धडकणारी पोरगी सहापदरी रस्त्यावर एका हाताने गाडी चालवत होती, आणि मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो. "काका, रिलॅक्स. विंटर टायर्स आहेत," ती म्हणाली.

दोन्ही बाजूंना शेतं होती, पण शेत म्हणावं असं काही दिसत नव्हतं. बर्फ, मग बर्फ, मधेच एक लाल कोठार, पुन्हा बर्फ. धंद्याच्या सवयीने मी त्या कोठाराभोवती मनातल्या मनात चौकट धरून बघितली. कुठे धरावी ते कळेना. जवळ धरली की नुसतं कोठार उरायचं, कुठल्याही गावचं.

तिच्या घरी तिने पोहे केले. वाटाणे फ्रीझरमधले, कढीपत्ता फ्रीझरमधला, पोहे मात्र सांगलीचे, आईने दिलेले. खाता खाता म्हणाली, "काका, एक विचारू? बुरशी लागलेला कागद ओळखायचा कसा?"

मी घास गिळला आणि का विचारतेस म्हणालो.

मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. गणपतीला ती ताईकडे जाते, तिथे शेन आजी भेटतात. फ्रेम आली त्या वर्षी ताईने त्यांना सहज सांगून टाकलं होतं की खळीमुळे बुरशी आली, म्हणून भावाने वरचा भाग कापून चित्र वाचवलं. चित्राच्या पाठीला कागद चिकटवायचं काम शेनबाईंच्या नवऱ्याने केलेलं होतं. तोच त्यांचा पिढीजात धंदा, चित्रांना पाठ लावणं. ताईचं चित्र हे त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर महिनाभरात ते गेले.

"तेव्हापासून आजी दर महिन्याला घरातली सगळी चित्रं उलगडून बघतात," सायली म्हणाली. "बाकीच्यांनाही बुरशी येईल म्हणून. कुणाला चित्र देत नाहीत आता. म्हणतात, खराब वस्तू कशी द्यायची."

तिने आणखी पोहे वाढले. मी नको म्हणालो नाही, पण खाल्लेही गेले नाहीत. मी माझी चूक कागदाची समजत होतो. ती माझ्याच धंद्यातल्या एका मेलेल्या माणसाच्या नावावर जमा करून मी तीन वर्षं निवांत बसलो होतो.

लंडन

ताईच्या घरात चित्र कॉरिडॉरमध्ये होतं, वॉशरूमकडे जाताना. हॉलमध्ये तिने स्वतःची काढलेली दोन लावली होती, बांबू आणि एक बरा जमलेला कोंबडा. मी आपल्या फ्रेमसमोर उभा राहिलो. ताई मागून आली आणि म्हणाली, "पॉलिश बघ, अजून तसंच आहे. दादांचा हात आलाय तुझ्यात." दादा म्हणजे आमचे वडील. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून भाऊजींची हाक आली की मेहुण्यांना फुकट जेवायला आणलंय का, शोव्हल करायला पाठवा.

भाऊजी निवृत्त सिव्हिल इंजिनियर. पंचाहत्तरीला आलेला हा माणूस बर्फ काढतो तो काटकोनात. मला फावडं धरायचं शिकवलं, कमरेतून नाही गुडघ्यातून उचल म्हणाले, आणि पाचव्या फावड्याला मी ड्राइव्हवेवर सपशेल आडवा झालो. लागलं नाही, कोट जाड होता. पडल्या पडल्या पहिला हात मी खिशातल्या गुंडाळीवर ठेवला. भाऊजी म्हणाले, "पासपोर्ट खिशात घेऊन फिरतोस काय? कोण पकडतंय तुला?" मी हसलो. दारातून ताई ओरडत होती की अशाने तुमची पंचाहत्तरी राहील आणि याचं प्लास्टर होईल.

त्या दिवशी बोलणं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. ताईने गरम भात, आमटी, मेतकूट असं वाढलं की माणसाला वाटतं, आत्ता कशाला. मला अशा आत्ता-कशाला मंडळींत धरा. माझा स्वभाव तसा भांडखोर नाही, खोटारडाही नाही. मी फक्त पुढे ढकलतो, आणि ढकललेलं खोटं झोपल्या जागी वाढत राहतं.

मंगळवारी ताई मला तिच्या वर्गाला घेऊन गेली. कम्युनिटी सेंटरची खोली, लांब टेबलं, आठ-दहा निवृत्त माणसं. शेनबाई ऐंशीच्या आसपास, बुटक्या, बाह्यांवर निळे अभ्रे चढवलेल्या. त्यांचं इंग्रजी तुटक आहे आणि माझं दुकानापुरतं, त्यामुळे आमचं बरं जमलं. जिथे अडेल तिथे ताई.

त्यांनी मला ब्रश दिला आणि मासा काढायला सांगितलं. पाठीचा एक फटकारा, पोटाचा एक, शेपटीचे दोन. माझा मासा बोंबलासारखा झाला, पण मासा होता. तो कोरड्या कागदावर पडलेला बघवेना म्हणून मी खाली तीन-चार नागमोडी रेघा ओढल्या. पाणी. शेनबाई आल्या, एक कोरा कागद घेऊन माझ्या लाटांवर झाकला. आता नुसता मासा दिसत होता आणि त्याच्या खाली पांढरं. मासा पोहायला लागला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

"पाणी माशाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगू नका."

ताई मला समजावू लागली. या कोऱ्या जागेला त्यांच्याकडे नाव आहे, लिउबाय, म्हणजे पांढरं राखणं. चित्र काढून झाल्यावर जे उरतं ते हे नव्हे. आधी हे राखायचं, मग बाकीचं काढायचं. त्यात पाणी असतं, धुकं असतं, कधी नुसतं अंतर असतं. आणि बघणाऱ्याला त्यातून आत जायला वाट असते. "आपल्याकडे गावात कुरण राखतात ना, तसं," ती म्हणाली. "राखलेल्या कुरणाला पडीक म्हणतो का आपण?"

मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलोय की फोटोला माउंट लावा, कडेने जागा सोडा, चित्राचा जीव घुसमटतो. सगळ्यांना सांगत आलोय. आणि राखलेलं कुरण मी पडीक समजून कापलं.

वर्ग सुटल्यावर शेनबाईंनी माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्यावरचे कटरचे जुने व्रण बघितले. तर्जनीच्या बाजूचा घट्टा दाबून बघितला. त्यांच्या मिस्टरांचा हात असाच होता म्हणे. मग त्या ताईशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. ताई मला म्हणाली, "अरुण, त्यांना तुला विनंती करायची आहे. तू कागदातला जाणकार. शनिवारी घरी येऊन मिस्टरांनी केलेली बाकीची कामं बघशील का? ती टिकतील की जातील, एवढंच त्यांना कळायला हवंय. इथे त्यांना सांगणारं कुणी नाही."

मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

ह्युरॉनचा काठ

गुरुवारी भाऊजी आम्हाला ह्युरॉन सरोवर दाखवायला घेऊन गेले. सरोवर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पलीकडचा काठ येतो. इथे पलीकडचा काठ नसतोच. तासाभराचा रस्ता, वाटेत एका छोट्या गावात थांबून बटर टार्ट नावाची चिकट गोड पुरी खाल्ली. आपल्या पाकातल्या पुरीची परदेशी मावसबहीण. भाऊजींना साखरेमुळे बंदी आहे, म्हणून त्यांनी ताईची नजर चुकवून माझ्यातली अर्धी खाल्ली.

किनाऱ्यावर पोचलो तर तिथे काहीच नव्हतं. अगदी काहीच नाही. काठापासून आत बर्फ गोठलेला, त्यावर धुकं, धुक्यावर ढग, आणि या तिघांच्या मधे कुठेच रेघ नाही. दिसत होती ती फक्त जुन्या धक्क्याच्या लाकडी खांबांची एक रांग. सात खांब. आठवा होता-नव्हता, आणि पुढे पांढरं. शेवटच्या खांबावर एक पक्षी मान आखडून बसला होता.

"बॅड लक," भाऊजी म्हणाले. "उन्हाळ्यात ये, सनसेट बघण्यासारखा असतो. आज काही दिसत नाही."

मला मात्र तिथून हलवेना. मी उजव्या हाताचा पंजा डोळ्यांसमोर आडवा धरला आणि वरचं सगळं पांढरं झाकून बघितलं. लाकडाचे सात ओंडके राहिले, सांगलीच्या लाकडाच्या वखारीत असतात तसे. हात काढला. खांब पुन्हा चालायला लागले, आत, जिथलं आपल्याला दिसत नाही तिकडे. दोन-तीन वेळा केलं. ताई म्हणाली, डोळ्यांवर ऊन कुठे आहे तुझ्या? मी हात खाली घेतला.

त्या थंडीत मला एवढं बरं का वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. माझ्या चुकीचा आकार मला पहिल्यांदाच पूर्ण दिसला होता, आणि तो बघून घाबरण्याऐवजी मी स्वस्थ झालो. नाव, म्हातारा, बोरूचे दोन देठ. तो म्हातारा पाठमोरा कशाकडे बघत होता, ते माझ्या खिशात होतं.

शेनबाईंचं घर

शनिवारी सकाळी ताई आणि मी गेलो. छोटं, नीटनेटकं घर, दारात चपलांची रांग. बूट काढून आत जायची पद्धत त्यांच्यातही आहे, कॅनडात इतरांच्यातही आहे, तिथे मला परकं वाटलंच नाही. जेवणाच्या टेबलावर शेनबाईंनी स्वच्छ चादर अंथरली होती आणि तिच्यावर सहा गुंडाळ्या मांडल्या होत्या. बाजूला मिस्टरांचा फोटो. साधी काळी फ्रेम, कोपरे बरोब्बर पंचेचाळीस अंशात जुळलेले. त्यांचंच काम असणार.

मी हात धुतले, कोरडे केले आणि एकेक गुंडाळी उलगडली. पाठ खिडकीकडे धरून उजेडात बघितली. कडेवरून नख फिरवलं. कागदाचा वास घेतला. पाठीचा कागद आणि चित्राचा कागद वेगळे आहेत हे कळायला मला कोपरा शोधावा लागत होता, इतके ते एक झाले होते. कुठे फुगा नाही, सुरकुती नाही, डाग नाही. काही कामं चाळीस-चाळीस वर्षांची, समुद्र ओलांडून आलेली. माझ्या दुकानातलं दहा वर्षांपूर्वीचं लॅमिनेशन सुटून परत येतं. सहावी गुंडाळी बघून होईपर्यंत मी कुठे आलोय, कशाला आलोय हेच विसरलो होतो. एक कारागीर दुसऱ्याचं काम बघत होता.

मी ताईला म्हणालो, त्यांना सांग, यांना काहीही होणार नाही. आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत राहतील.

ताईने सांगितलं. शेनबाईंनी मान हलवली, पण चेहरा मोकळा झाला नाही. त्यांनी मिस्टरांच्या फोटोकडे बघितलं आणि थांबत थांबत बोलत राहिल्या. ताईने मला मराठीत सांगितलं ते असं: "त्या म्हणतात, शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे. दम लागायचा. खळ नीट धुतली गेली नसेल, पाणी बदलायचं राहिलं असेल. ते स्वतः कधी बोलले नसते. बाकी सगळं चांगलं आणि एक शेवटचंच खराब, याचं तेच कारण असणार. तुला काय वाटतं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. शेनबाईंनी उत्तर तयार करून माझ्या हातातच दिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आजारी माणूस, थरथरते हात, कुणाचाच दोष नाही. सगळे चहा प्यायले असते आणि मी सांगलीला परत आलो असतो.

मी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, ती पट्टी चादरीवर उलगडली आणि मराठीत बोलायला सुरुवात केली. ताईने पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं ऐकलं आणि ती थांबली. मग मीच शेनबाईंकडे वळलो आणि माझ्या दुकानी इंग्रजीत सगळं पहिल्यापासून सांगितलं.

काय सांगितलं ते शेवटी लिहितो, कारण तेच लिहायला मी बसलो आहे. त्यानंतर काय झालं ते आधी सांगतो.

ताईने पट्टी उचलली, खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवून पुढून मागून तपासली. जुनी सवय. "एक डाग नाही," ती म्हणाली, आणि मग, "टाकला म्हणाला होतास." बस, तेवढंच. मला ते चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

शेनबाईंनी पट्टी तिच्या हातातून घेतली आणि पेन्सिलीच्या आकड्यांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. एका मिस्त्रीच्या घरच्या गणपतीच्या तसबिरीचं माप, मी म्हणालो. त्या हसल्या. फोटोकडे वळून त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलल्या, ती त्या दोघांची होती, कुणी मला सांगितली नाहीत आणि मी विचारलं नाही. मग त्यांनी चहा ठेवला.

चहा झाल्यावर त्यांनी मला मिस्टरांची खळ कशी करायची ते दाखवलं. पीठ भिजवायचं, पाण्यात मळून मळून धुवायचं, चोथा आणि चिवटपणा निघून जातो, खाली पांढरंशुभ्र बसतं. रोज वरचं पाणी बदलायचं. ताई आणि मी एकमेकांकडे बघितलं. "कुरडयांचा चीक!" ताई म्हणाली. आमच्या दुकानातल्या खळीत मैदा असतो आणि किडा लागू नये म्हणून मोरचूद. त्यांच्या खळीत काहीच घालत नाहीत. जे किड्याला आवडतं तेच धुऊन टाकतात. आई उन्हाळ्यात जे कुरडयांसाठी करायची ते यांनी आयुष्यभर चित्रांसाठी केलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर मी माझी सागवानी फ्रेम उघडली, माउंट सोडवला, आणि शेनबाईंच्या देखरेखीखाली ती पट्टी आपल्या जागी जोडली. चीक मी धुतला. सांधा दिसतो, केसाएवढी एक रेघ. आकडे खोडायचे नाहीत असं बाईंनी बजावलं. माझ्या मते त्यांना आभाळात गणपतीचं माप असणं आवडलं. चित्र आता हॉलमध्ये आहे. कोंबडा कॉरिडॉरमध्ये गेला.

भाऊजींना ताईने शनिवारीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं बुरशी तुझ्याच डोक्यात होती तर." दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर दिव्यांनी त्यांना ओवाळलं तेव्हा शेनबाई पहिल्या रांगेत होत्या, पुरणपोळी दोनदा मागून घेतली, आणि येताना भाऊजींसाठी एक गुंडाळी घेऊन आल्या होत्या. तीन वर्षांत त्यांनी कुणाला दिलेलं हे पहिलं चित्र. दोन पाखरं आणि भरपूर पांढरं. भाऊजींनी मला बाजूला घेऊन बजावलं की तू याच्यापासून लांब राहा.

सायलीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी मोठी बॅग घ्यायला हवी होती." नाही गं, म्हणालो. या वेळी खरं बोलत होतो.

आता त्या सकाळी, चादरीवरच्या पट्टीवर हात ठेवून, शेनबाईंना जे म्हणालो ते. इंग्रजी मोडकं होतं, अर्थ असा होता:

"बुरशी नव्हती. कधीच नव्हती. कागद मी कापला, फ्रेम बॅगेत बसावी म्हणून, आणि तो रिकामा आहे असं समजून. मग लाज वाटली, आणि ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही त्याच्यावर ढकलून दिलं. बहिणीशी खोटं बोललो, ते तिच्याकडून तुमच्यापर्यंत आलं. तुमच्या मिस्टरांचे हात थरथरत असतील, पण त्यांची खळ चांगली होती. माझ्या हातून झालेल्या कुठल्याही कामापेक्षा चांगली होती. माझं चुकलं. तुम्ही मला माफ करा, आणि ताई, तूही कर."